वाया गेलेल्या गॅसचा रकाना

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत मी गोबर गॅसचा मासिक अहवाल भरत असे. किती गॅस तयार झाला, किती शेगडीला गेला, किती दिव्याला, किती वाया. शेवटच्या तिन्हींची बेरीज पहिल्याइतकी यायलाच हवी. मीटर कुणाकडेच नव्हतं. साहेबांचं सूत्र सोपं होतं: जनावरं मोजायची आणि गुणायचं. बैल दिवसभर रानात असतो आणि शेणही तिथंच टाकतो, हे सूत्राला ठाऊक नव्हतं. 'वाया'च्या रकान्यात साऱ्या तालुक्याचा मिळून एकच शब्द असे, निरंक. मला चीड यायची. पण नोकरी कच्ची होती, म्हणून मी सुवाच्य अक्षरात चिडत असे.

मंद्रूपला एका मामांच्या परसात गॅसची टाकी होती. मामींनी ती हट्टानं बांधून घेतली होती. धुरानं डोळे गेल्यावर भाकरी कोण थापणार, असा त्यांचा सवाल होता. मी गेलो की त्या कप पुढं करायच्या, "घ्या, तुमच्या गॅसचा च्या." त्यात निम्मी साखरच असायची.

एकदा गेलो तर गॅस साठून लोखंडी टाकी पार वर आलेली आणि कडेनं बुडबुडे फुटत होते. मामा शेणात पाणी कालवत होते. मामी जाऊन महिना उलटला होता. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवायला मी तरी कोण होतो? भाकरी भावाच्या घरून यायची. शेगडी तेव्हापासून पेटली नव्हती.

"मग शेण कशाला घालताय, मामा?"

"टाकी खाली बसाय नको म्हणायची ती."

नियम असा, की महिनाभर शेगडी पेटली नाही तर 'बंद' असा शेरा मारायचा. मग शेगडी काढून यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची. नियम मामांनाही माहीत होता.

"काय बी लिवा साहेब, पर बंद लिवू नका. शेगडी न्हेली तर तिचं हितं काय बी ऱ्हायचं न्हाय."

शेगडीला निरंक, दिव्याला निरंक आणि सगळा गॅस वाया, असं मी लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'सुतक' लिहिलं. बेरीज जुळली. त्या कचेरीत मी भरलेला हा पहिला खरा अहवाल होता.

चार दिवसांनी कागद परत आला. साहेबांनी लाल शाईत लिहिलं होतं: 'सुतक दहा दिवसांचे असते. संपल्याची तारीख कळवावी, अन्यथा बंद दाखवावे.'

मी कागद घेऊन पुन्हा मंद्रूपला गेलो. मामांना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवला. वाचताना लाज वाटली. मामांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि घरात गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी शेगडीची कळ फिरवली, दोन काड्या विझल्या, तिसरीला जाळ धरला. वर आधण ठेवलं.

"शेगडी चालू हाय, एवढं लिवा," ते म्हणाले. "तारीख मला कळली की सांगतो."

मग ते फळीवरचा एकेक डबा उघडून साखर कुठल्या डब्यात असते ते बघू लागले.