डेल्मरला सांगितलेल्या दऱ्या

पँगविच गावातल्या मोटेलात मी काउंटरवर बसायचे आणि लारू मागच्या खोलीत चादरी धुवायची. दऱ्या बघून आलेल्या पाहुण्यांच्या चादरींतून तांबडी वाळू निघायची. लारू एकेक चादर अंगणात झटकायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "ही मंडळी पार खालपर्यंत उतरली होती बघ. ओल्या दगडाचा वास येतोय." स्वतः ती गाव सोडून फारशी कुठे गेलीच नव्हती. नवरा डेल्मर खोऱ्यात गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक चालवायचा. सहलीचं नाव काढलं की त्याला काहीतरी काम आठवायचं.

मोटेलातलं काम सोडलं त्या जुलैत लारूने त्याला विचारलंच नाही. पिकअपमध्ये तंबू आणि बर्फाची पेटी ठेवली आणि म्हणाली, "चल, बस."

"कुठे?"

"जिथली वाळू मी इतकी वर्षं झटकली, तिथे."

ब्राइसच्या दरीच्या कड्यापाशी पोचल्यावर डेल्मरने बॉनेट उघडलं. इंजिन तापलंय म्हणाला. लारू एकटीच काठापर्यंत गेली. खाली गुलाबी सुळक्यांची दाटी होती आणि सकाळचं ऊन त्यांच्या आरपार गेल्यासारखं दिसत होतं. बराच वेळ ती तिथेच उभी राहिली.

मग ते पूर्वेकडे निघाले. पाइनची झाडं मागे पडली, उघडे फिकट खडक सुरू झाले. उन्हाच्या झळांत रस्ता हलल्यासारखा दिसत होता. खिडकीबाहेर हात टाकून लारू पेंगत होती. गाडी थांबली तशी ती जागी झाली. पुढे रस्ता डोंगराच्या एका अरुंद धारेवरून जात होता आणि दोन्ही बाजूंना नुसती पोकळी होती. डेल्मरने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"लारू, हे मला जमायचं नाही. या रस्त्याला बाजूच नाहीत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे सकाळी इंजिन तापलं नव्हतं."

"नव्हतं."

"आणि झायनची दरी बघायला जायचं ठरलं तेव्हा आजारी पडलेली गाय?"

"गाय ठणठणीत होती."

लारूला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर जायचाच कंटाळा येतो."

"कंटाळा कसला? सांगायची लाज वाटायची."

"सरक तिकडे," ती म्हणाली.

तिने आजवर चर्च आणि दुकान यांपलीकडे गाडी नेली नव्हती. डेल्मरने हॅट तोंडावर ओढली. धारेवरून गाडी गोगलगायीसारखी निघाली. थोड्या वेळाने हॅटखालून आवाज आला, "काय दिसतंय?"

"उजवीकडे दगड वाहत गेलाय, ओली चादर दोरीवरून निसटावी तसा. खाली हिरवी रेघ आहे. ओढा असणार."

"किती खाली?"

"ते विचारू नकोस."

"मागे हॉर्न कोण वाजवतंय?"

"वाजवू दे. घाई त्याला आहे."

ती बोलतच राहिली. नंतर तिने मला सांगितलं, गाडी जागच्या जागी आहे आणि खडकच आपल्या बाजूने संथ सरकतायत, असं तिला वाटत होतं. धार कधी संपली ते कळलंच नाही. डेल्मरने हॅट काढली तेव्हा रस्त्याला झाडं लागली होती आणि ती अजून सांगतच होती.

संध्याकाळी ते कॅपिटल रीफला उतरले. तांबड्या कड्यांच्या पायथ्याशी जुन्या लोकांनी लावलेल्या फळबागा आहेत. जर्दाळू पिकले होते. डेल्मर गवतात उताणा पडून कड्यांकडे बघत राहिला.

"खालून बघायला काही वाटत नाही गं मला."

"मग खालून तू बघ. वरून मी बघते आणि तुला सांगते."

दोन दिवसांसाठी गेलेली ही माणसं जर्दाळू संपल्यावर परतली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती निघतात, लारू गाडी चालवते.

एका वर्षी ग्रँड कॅन्यनला मीही बरोबर होते. डेल्मर दरीकडे पाठ करून सावलीतल्या बाकावर बसला. लारू कठड्याला टेकून त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली. आधी जवळचा कडा, मग त्याखालचा जांभळा थर, मग त्यावरून सरकणारी ढगाची सावली. येणारेजाणारे थांबले. एक बाई तर दरी बघायची सोडून बाकावर डेल्मरशेजारी येऊन बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. ऊन कलायला लागलं होतं, आणि लारू अजून तळातल्या नदीपर्यंतसुद्धा पोचली नव्हती.