गालांवरचे वळ

गॅरेजवाल्याचा हात लहानपणापासून तोंडाआधी चालायचा. धाकट्या बहिणीला कुणी चिडवलं, तर चिडवणाऱ्याला आपले दात गटारात शोधावे लागत. त्या दुपारी तिच्या दोन्ही गालांवर लाल वळ, दंडावर काळेनिळे डाग आणि सुजलेली बोटं पाहून त्यानं एवढंच विचारलं, "कुठाय तो?"

"दादा, ते हात नाही उगारत. हे आपोआप येतंय."

"आपोआप यायला घामोळं आहे का ते?"

तिचा नवरा शिंपी. दुकानात कापड बेतत होता. त्यानं वर बघेपर्यंत गॅरेजवाल्यानं त्याची गचांडी धरून त्याला मशीनवर आपटलं. "अहो, ऐकून तरी घ्या!" शिंपी ओरडला. लोखंडी पान्हा त्याच्या उजव्या कोपरावर बसला आणि हाड काडीसारखं मोडलं. बहीण धावत आली, मध्ये पडायच्या आधीच उंबऱ्यात कोसळली.

दोघांनाही एकाच रिक्षातून दवाखान्यात न्यावं लागलं.

"बहिणीचे हे वळ माराचे नाहीत," तपासण्यांचे कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराचे पहारेकरीच घरावर तुटून पडलेत. ल्युपस म्हणतात याला. मूत्रपिंडांपर्यंत पोचलाय. घरात आधी कुणाला होतं?"

त्याला आत्या आठवली. तिचेही गाल असेच व्हायचे. वडिलांनी आणि काकांनी तिच्या नवऱ्याला रक्त ओकेस्तोवर बदडून हाकलून दिलं होतं. आत्या तरीही वाचली नाही.

"आजार नाही, पण धोका पिढ्यान्‌पिढ्या उतरतो," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरात कुणाला किती, ते मला सांगता येत नाही. अभ्यास झाला तो बहुतेक दुसऱ्याच मुलखांतल्या लोकांवर. तुमच्या लोकांचं रक्त फारसं कुणी तपासलंच नाही. आम्ही आता सुरू केलंय. द्याल?"

त्यानं बाही वर सारली. मग बाहेर येऊन सालटं निघेस्तोवर भिंतीवर मुठी आपटल्या. पोलीस आले तेव्हाही तो तिथंच होता.

शिंप्यानं तक्रार मागे घेतली नाही. तुरुंगातून सुटल्यावर गॅरेजवाला चुलतभावांच्या मागे लागला. रक्त द्यायला ते कां कूं करू लागले, तसं एकाला त्यानं कॉलर धरून दवाखान्यात फरफटत आणलं.

"सोडा त्याला!" बाई कडाडल्या. "मर्जीशिवाय एक थेंब घेणार नाही मी."

त्यानं सोडलं. मग पायरीवर बसून सगळ्यांना आत्याचं खरं काय झालं ते सांगितलं. दोघे आपणहून आत गेले.

बहीण औषधांवर सावरली. शिंपी डाव्या हातानं कापड कापायला शिकला. एकदा गॅरेजवाला दुकानाशी घुटमळला.

"दादा," शिंपी मान वर न करता म्हणाला, "तिला भेटायचं तर मागच्या दारानं जा. इथं पाऊल टाकलंत, तर ही कात्री आहे आणि मी आहे."

तो मागच्या दारानं गेला.