झटकारावची फाईट आणि प्लास्टिकच्या खुर्च्या

"मास्तर, हा सुपरहिरो आहे. तुमचं म्युझिक ऐकून वाटतंय, रेशनच्या लायनीत उभाय."

केतकी मॅडम तोंडावर बोलल्या. बरोबर बोलल्या. त्या टीव्ही सिरीयलच्या डायरेक्टर. हिरोचं नाव झटकाराव. निळी चड्डी, पिवळा केप, हातातून करंट सोडतो. व्हिलन गंजासुर, तो कंपन्यांची मशिनं गंजवतो. सगळं मुद्दाम येड्यासारखं. चाकणच्या एका बंद शेडमध्ये सेट लावलेला आणि तिथंच फाईटच्या म्युझिकसाठी आमच्या बँडचं रेकॉर्डिंग. मॅडमना फाईटला जॅझ पाहिजे होतं.

मी सातवी पास. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये फिटर आणि लग्नाच्या बँडात ट्रम्पेट. जॅझ शिकवलं कंपनीच्या बँडातल्या गोव्याच्या मास्तरांनी. सोपं सांगतो. ठेका सरळ पडला की कवायत. तोच जरा मागं रेंगाळला, लंगडत पण तोऱ्यात चालला, की जॅझ. त्याला स्विंग म्हणतात.

झटकारावची ट्यून मी दवाखान्यात केली, बायकोच्या कॉटशेजारी. मंदा तिचं नाव. तोंडानंच वाजवून दाखवली. तीन सूर वर चढतात, चौथा घसरतो.

"ह्यो बाबा उडतोय का पडतोय?" ती म्हणाली.

"दोन्ही."

हसली. थोड्याच दिवसांत गेली. ट्रम्पेट पेटीत गेलं ते मॅडमचा रेकॉर्डिंगसाठी फोन आल्यावरच बाहेर निघालं. मंदानं ऐकलेली ही माझी शेवटची ट्यून. ती दुसऱ्या कुणी वाजवलेली मला चालणार नव्हती.

आणि मॅडम म्हणत होत्या, "संध्याकाळी चॅनलला पाठवायचंय. नाही जमलं तर तुमचीच ट्यून कीबोर्डवर करून घेते. माझाही इलाज नाही."

"कीबोर्डला दम न्हाई, मॅडम."

"आत्ता तुमच्यातही नाहीये."

पुन्हा वाजवलं. सूर बरोबर, पण मेलेलं. स्पीड वाढवला तर कवायत झाली. कमी केला तर अंत्ययात्रा. ती मी नुकतीच बघितली होती.

साईड ड्रमवाला बबन वैतागून उठला.

"कुठं चाललास?"

"तंबाखू थुकायला. खुर्च्या टाकून बसायला आपण काय पंगतीला आलोय व्हय?"

ड्रम गळ्यातच होता. दाराकडं जाता जाता सवयीनं त्याच्या काड्या चालत होत्या. आणि ठेका आला! लंगडा, तोऱ्यातला, पाहिजे तसा.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही जन्मभर चालत वाजवलंय. वरातीत बँड कधी बसतो का? आमचा ठेका पायात. इथं मॅडमनी मानानं खुर्च्या दिल्या आणि आम्ही मानानं मेलो.

"मॅडम, खुर्च्या काढा. आमी चालत वाजवणार."

"आणि माइक?"

"त्यो बी चालवा."

"मास्तर, चपलांचा आवाज येईल."

"मग अनवाणी चालतो की."

मॅडमही जिद्दीच्या. बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, त्यांनी स्वतः उचलला आणि आमच्यापुढं उलट्या पावलांनी चालू लागल्या. ठोसा बसतो तिथं बँड एकदम गप्प पाहिजे. मी हात वर केला की सगळे गप्प. वरात दवाखान्यावरून जाताना थांबतो, तसं.

निघालो. पत्र्याच्या शेडमध्ये पितळ असं काही घुमलं की वडापाव खात बसलेला झटकाराव केपसकट पुढं येऊन नाचायला लागला. त्याच्यामागं गंजासुर. दोघं ठेक्यावर ठोसे मारायला लागले.

"कॅमेरा लावा रे! हीच फाईट!" मॅडम ओरडल्या. ती ओरड त्यांनी नंतर कापली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मास्तर, चॅनलवाले परत परत लावतायत. बँड फायनल. पुढचे सगळे एपिसोड तुमचेच."

"चालत?"

"चालत हो, चालत!"

पहिला एपिसोड लागला तेव्हा थेरगावच्या घरात मी एकटा होतो. संपल्यावर जिन्यात पोरांचा गोंधळ. तोंडानं तीन सूर वाजवत पायऱ्या चढायची आणि चौथ्याला मुद्दाम पडायची. मंदाचा प्रश्न त्यांना बरोबर समजला होता.

ती असती तर म्हणाली असती, आवाज कमी करा. मी एपिसोड पुन्हा लावला आणि आवाज फुल्ल ठेवला.

शिकलो ते एवढंच. बँडवाल्याला चहा द्या, खुर्ची देऊ नका. टीव्हीसमोर मीसुद्धा उभाच होतो.