आईला उचलता येईना

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही तिला बीडहून चाकणला आणलं. घर दोन खोल्यांचं. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी मी तिला दोन्ही हातांवर उचलून गॅलरीत उन्हाला बसवायचो. चालता हात ती माझ्या गळ्यात टाकायची. "हळू रं लेकरा."

मग माझाच पाय धरला. कमरेतून घोट्यापर्यंत अशी कळ जायची की मशीनपाशी उभं राहवेना. पिंपरीला मणक्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. जखम इवलीशी. चालत घरी आलो तेव्हा पाय खरंच शांत होता. आईने कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली, एकाच हाताने, स्वतःच्या कानशिलावर.

कंबर मात्र दुखत राहिली. ऑपरेशनचंच दुखणं असेल, जाईल, असं वाटायचं. गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "नस मोकळी झालीय, म्हणून पायाची कळ थांबली. पण मणक्यांचे सांधे झिजलेत, हे कमरेचं दुखणं त्यांचं. व्यायाम करा, वजन उचलू नका."

"घरी आईला उचलावं लागतं."

"तेही नको."

मी ऐकलं नाही. एका सकाळी बायकोने आईचे पाय धरले, मी काखेत हात घातले. अर्ध्यावर कमरेत अशी चमक आली की हात सुटले. आई गादीवरच पडली, लागलं काही नाही. पण माझं ओरडणं तिने ऐकलं होतं.

त्यानंतर ती रोज म्हणायची, "ऊन डोळ्यात जातंय बाबा, हितंच बरंय."

चाकांची खुर्ची आणली. तिच्यात बसवायलाही उचलावंच लागे. शेवटी बीडहून बहीण आली, म्हणाली, "माझ्याकडं माणसं हायत, दादा." गाडीत बसवायला शेजारचे दोघं आले. मी दार धरून उभा राहिलो. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी रडलो असतो, हे तिला ठाऊक असणार.

फोनवर ती माझी कंबरच विचारायची.

पावसाळा संपता संपता ती गेली. बसवत नव्हतं म्हणून मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होऊन बीडला पोहोचलो. तिला अंगणात ठेवलं होतं. पाया पडायला गेलो, तर वाकताच येईना. बहिणीने मला आधार देत गुडघ्यांवर बसवलं आणि माझा हात धरून आईच्या पावलांवर ठेवला.