लाईट आली आणि टिकली

मंडळी, आज माणिकपूरच्या आमच्या सोसायटीत चक्क माझं संशोधन चाललं!

माझा विषय विजेची मागणी. लोडशेडिंग संपलं की आमच्याकडे सगळे एकदम मिक्सर, गिझर, इस्त्री लावतात आणि मेन फ्यूज पुन्हा उडतो. "एकेका मजल्याने लावा," असं मी मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा सगळे हसले होते.

आज संध्याकाळी लाईट आली. तळमजल्यावरच्या रोझी आंटी गॅलरीत येऊन ओरडल्या, "आमचं झालं, आता पहिला मजला!" पहिल्याने दुसऱ्याला हाक दिली. हाका वर चढत गेल्या. शेवटचा मजला आमचा. आई मिक्सरपाशी सज्जच होती. "तू हो बाजूला, बटण मी दाबणार!"

फ्यूज टिकला! खाली टाळ्या पडल्या.

परदेशात यासाठी कॉम्प्युटर लावतात. आमच्याकडे रोझी आंटी आहेत. तुमच्याकडे कोण आहे?