एकाहत्तर टक्क्यांवर

एप्रिलचा दुसरा शनिवार, दुपारी साडेबारा. घरात तिघं: मी, सासूबाई आणि खाटेवर सासरे. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, कामावर.

सासऱ्यांना अर्धांगवायू होऊन चार महिने झाले होते. समोर टीव्हीवर कन्नड वचनांचा कार्यक्रम लागला की ते तोंड उघडत, घास गिळत. तोच मोबाईलवर लावला तर मान फिरवत. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून त्यांचं प्रत्येक जेवण मी वहीत लिहून ठेवत होते. त्या दिवशी तो चॅनेलच लागेना. आठवडाभर सेट टॉप बॉक्स नवीन सॉफ्टवेअर घ्यायला सांगत होता आणि मी ‘नंतर’ दाबत आले होते. अखेर ‘आत्ता’ दाबलं. पडद्यावर सूचना आली: काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका.

बारा टक्के. मी ज्वारीची आंबील गाळून वाटीत घेतली.

“अगं, किती वेळ हे?” सासूबाईंनी विचारलं.

“वीस मिनिटं, आत्या.”

“लिही की तुझ्या वहीत. आधी टीव्हीचं जेवण, मग ह्यांचं.”

चाळीस टक्के. सासऱ्यांची नजर पडद्यावर नव्हती, पंख्यावर होती. मीही वर पाहिलं. पाती मोजता येत होती. फ्रिज घरघरू लागला, बल्ब पिवळा पडला.

सासरे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. सासूबाई तिथंच सुताच्या कांड्या भरायच्या. व्होल्टेज उतरलं की कुणाला विचारायचं नाही, आधी मेन स्विच पाडायचा, नाहीतर मोटार जळते. हे दोघांच्या अंगात भिनलेलं.

एकाहत्तर टक्के.

“पाड!” सासरे म्हणाले. चार महिन्यांतला पहिला स्पष्ट शब्द.

“आत्या, नको!” मी म्हणेपर्यंत त्या दाराजवळच्या बोर्डाशी पोचल्या होत्या. खट्.

पंखा थांबला.

“बोलले की गं! ऐकलंस न्हवं?” सासूबाई रडत हसत होत्या. मी काळ्या पडद्याकडे बघत होते.

व्होल्टेज सुधारल्यावर स्विच चढवला. बॉक्सवर नुसता लाल दिवा. प्लग काढून, थांबून, पुन्हा लावला. तेच. दुरुस्तीवाल्याला फोन केला.

“मधीच लाईट घालवली व्हय, ताई? मग गेला की तो. बदलायलाच लागंल. सोमवारी दुपारी येतो.”

दोन वाजता चमचा सासऱ्यांच्या ओठांना लावला. ओठ मिटलेले.

“अहो, पाड म्हणालात की मघाशी,” सासूबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. “आता नुसतं आ म्हणा. एकदाच.”

मान भिंतीकडे वळली.

सोमवार दुपारपर्यंत सहा जेवणं होती. मी आंबील पुन्हा कोमट करून आणली. पहिलंच अजून भरवायचं होतं.