वरून ओतलेलं पाणी

कॉलेजात समाजशास्त्राच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, समाज म्हणजे शरीर. प्रत्येक अवयव आपापलं काम करतो. मला राग आला. पुढे त्यांनीच दुसराही विचार शिकवला: ज्याच्या हाती साधनं, त्याचाच नियम, आणि तो बदलतो भांडणातून. हे मात्र मला लगेच पटलं, कारण हिंगणीजवळच्या आमच्या गावी ते भांडण माझ्या आईनेच केलं होतं.

आमच्या गावात मोठा एकोपा, असं सगळे म्हणत. होताच. मालकीणबाई विहिरीचं पाणी वरून ओतायची, कापूस वेचणाऱ्या आमच्या बाया खाली बसून ओंजळ धरायच्या. कुणाची कधी तक्रार नव्हती.

छप्पन साली आई नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली. वेचणीच्या पहिल्याच दिवशी तिने ओंजळ धरली नाही.

"वरून वतलेलं पानी आता पेत नाई आमी. इहिरीत बादली आमीच सोडू."

मालक भडकले. सगळ्या बायांची वेचणी बंद झाली. आमची चूल एक वेळच पेटू लागली.

बाप म्हणाला, "काऊन वाकड्यात शिरून राह्यली? लेकरं उपाशी हायेत."

"बोंडं फुटली का पऱ्हाटी कोनासाठी थांबत नाई," आई म्हणाली. "त्याह्यलेबी आपली गरज हाये."

मालकांनी मग हुशारी केली. पवनारकडून बैलबंडी भरून बाया आणल्या. त्या उतरल्या, पदर खोचले, आणि पहिलीनेच विचारलं, "इहीर कोनती जी? बादली कुठी हाये?" त्याही दीक्षा घेतलेल्या! सारा गाव हसला, अर्थात मालकांच्या माघारी.

त्या बाया बोंडाला हात न लावता परतल्या. जाताना फडक्यात बांधून आणलेल्या भाकरी आमच्या घरोघरी देऊन गेल्या. त्यांची तोंडंही आता आठवत नाहीत, पण मी शिकले-सवरले त्यात त्या भाकरीचा वाटा आहे. ते उपकार मी जन्मभर मानत आले.

कापूस बोंडांतून मातीवर गळू लागला, वर आभाळ भरून आलं. शेवटी मालकीणबाई आमच्या वस्तीच्या तोंडाशी आली आणि तिथूनच म्हणाली, "चाल वं. सोडजो तुही बादली."

आईने विहिरीत बादली सोडली तेव्हा मालकीणबाई पाठ करून उभी होती. आई पोटभर प्यायली. मग लोटा भरून तिने माझ्यापुढे धरला. मी सवयीने खाली बसले.

आईने दंडाला धरून मला उठवलं. "उभ्यानं पे, माय."